हाय

तीन दिवस ताप. व्हायरल आहे, डॉक्टर सुर्वे म्हणाले,
सगळ्या प्रतीक्षानगरात चालू आहे.
सरोज काही खाईना. मीच म्हणालो,
पोटात अन्न नाही, तर सुई कशाला?
वर ग्लुकोजचं पाणी पाजलं,
चमच्या-चमच्याने, प्रेमाने.

मोरीत मुंग्या आल्या.
मी खडूची रेघ ओढली.

चौथ्या रात्री तिच्या तोंडाला वास,
टोपलीच्या तळाशी उतरलेल्या पेरूंचा,
आणि धाप अशी, की सहा जिने चढून आली
आणि अजून चढतेच आहे.

बोट टोचलं. यंत्राने आकडाच दिला नाही.
दोन इंग्रजी अक्षरं : हाय.
बिघडलं वाटलं. सेल बदलले.
पुन्हा हाय.
आमच्यात हाय लागते म्हणतात.
कुणाची लागली?

सायनच्या कॅज्युअल्टीतली पोरगेली डॉक्टर म्हणाली,
काका, मोजण्यापलीकडे गेलं की असं येतं.
आजारपणात सुई बंद करायची नसते हो.
रागावली नाही.
रागवायला हवी होती.

रात्रभर सलाइन. मी बाकावर,
हातात तिच्या चपला.
पहाटे आकडा आला : चारशे बारा.
एवढ्या मोठ्या आकड्याला
मी हात जोडले.