दाबून बघू नये

नेरूळला रात्री महामार्गावरून टँकर जातात
तेव्हा तळमजल्यावर, आमच्या औषधखोलीत
बाटल्या एकमेकींना लागतात.
मी त्या किणकिणी मोजतो.
मोजणं हेच माझं काम:
किती मिलिग्रॅम, किती वजनाला, किती तासांनी.
माणसांचे चेहरे मला उशिरा कळतात,
आधी कळतात त्यांची यकृतं.

खाट सात. मोरेश्वर मढवी, बावन्न.
तुर्भ्याच्या शीतगृहात कॉम्प्रेसर चालवणारे.
जेवणाच्या सुट्टीत, सफरचंदांच्या पेट्यांवर बसल्याबसल्या
हृदय थांबलं. अकरा मिनिटं.
मग धक्के मारून चालू केलं, जुन्या मोटारीसारखं.

आम्ही त्यांना गार केलं.
तेहेतीस अंश, चोवीस तास,
मेंदूने फार काही मागू नये म्हणून.
आणि अंगाला हुडहुडी भरू नये म्हणून
नळीतून थेंब थेंब गुंगी.

सुगंधाबाई काचेला कपाळ टेकवून म्हणाल्या,
"जलमभर गारठ्यात काम केला त्यानी,
आनि तुमी त्याला अजून गारठवताव?"

आता हे नीट सांगायला हवं,
कारण सगळं इथेच अडलेलं आहे.
गुंगीचं औषध यकृतात येतं,
तिथे त्याचे तुकडे होतात, मग ते वाहून जातं.
गारठलेल्या यकृतात तुकडे करणारे हात
लोकरी मोजे घातल्यासारखे जड होतात.
रक्तही तिथे रमतगमत पोचतं.
पुस्तकात छापलेलं अर्धायुष्य
सदतीस अंशांच्या माणसाचं असतं.
(अर्धायुष्य. हा शब्द लिहिताना
पेन जरा अडखळला. मीही बावन्नचा.)

चौथी सकाळ. अंग पुन्हा कोमट,
पंप बंद होऊन अठरा तास.
डॉक्टर ईशान कोठावळे, हुशार, झोप न झालेले,
नखावर पेन दाबतात. काही नाही.
पापणी उचलतात. बाहुली आळसावलेली.
अकरा वाजता नातेवाइकांशी बोलायचं ठरतं.
कागद तयार: 'प्रतिसाद', आणि पुढे एक रेघ.

मी वर गेलो. मी सहसा वर जात नाही.
म्हटलं, अठरा तास घड्याळाचे झालेत,
यकृताचे नाही.
त्यात मूत्रपिंडंही रुसलेली.
ही शांतता त्यांच्या मेंदूची आहे
की आपणच भरलेली आहे, सांगता येईल?
"किती थांबू?" ते म्हणाले.
माझ्याकडे आकडा नव्हता.
आकडा नसला की मला
बनियनवर रस्त्यात आल्यासारखं वाटतं.

स्टीलचा डबा हातात धरून सुगंधाबाई
मागे केव्हाच्या उभ्या होत्या.
"यो सांगतो," त्या म्हणाल्या.
सांगायचा नव्हे, सांगतो.
"पेटी थंडीतशी भायेर काढल्या काढल्या
फळ दाबून बघू नये.
कडकच लागतं. आतमंदी काय हाय
ते फळालाच आजून ठाव नसतं."

ईशानने कागद फाडला नाही.
ड्रॉवरमध्ये ठेवला, पालथा.
मी चार्टवर लिहिलं:
औषधाचा अंश शिल्लक असू शकतो. थांबावे.
आणि तारीख, वेळ, सही,
जणू सहीने काही पातळ होणार होतं.

पाचव्या दिवसाची नोंद,
सिस्टर शायनीच्या तिरक्या अक्षरात:
पहाटे ४.१०. खोकला. नळी चावली.
याचा अर्थ फार नसतो.
खोकला मेंदूच्या तळघरातून येतो,
वरच्या मजल्यांवर दिवे लागलेच असतील असं नाही.
हे मला माहीत आहे. तरी ती ओळ तीनदा वाचली.

सुगंधाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या,
"चावली? मंग भूक लागली असंल."
आणि डब्याचं झाकण
उगाच उघडून पुन्हा लावलं.

खाली येऊन मी फ्रिजचं तापमान लिहिलं: चार.
महामार्गावरून टँकर गेला.
बाटल्या वाजल्या.
किती, ते बघितलं नाही.