सातव्या होलची घंटा

पाहुणा एडिनबरोहून आला होता, वही घेऊन.
रचना, देखावा, निगा, आव्हान –
या चार खणांत त्याला
स्कर्रीचा अख्खा किनारा बसवायचा होता.
फार्कर मोवॅट म्हणाला, बसवा.
चौतीस वर्षं गवत कापतोय इथलं,
मला तरी ते कशात बसवता आलेलं नाही.

ही जमीन मुळात कुणालाच नको होती.
नांगर घातला तर वाळू,
घर बांधलं तर पाया सरकतो.
समुद्राची म्हणावी तर भरतीलाही कोरडी,
शेताची म्हणावी तर चवीला खारट.
मग मेंढ्या आल्या. वाऱ्याकडे पाठ करून
टेकाडांच्या आडोशाला अंग चोरून बसल्या,
आणि पिढ्यान्‌पिढ्या बसून बसून
त्यांनी जे खळगे पाडले
त्यांत आज बँकांचे मॅनेजर उभे राहून
देवाचं नाव नको तसं घेतात.
गवत सशांनी कुरतडलं. इतकं बारीक
माझ्या यंत्राला अजून जमत नाही.

मग रचनाकार म्हणून कुणाचं नाव लिहू?
फार्करनं बाहीला नाक पुसलं.
वारा लिहा. आणि खाली टीप द्या,
माणूस लहरी आहे.

पाहुण्याचा पहिला चेंडू
उंच गेला, देखणा गेला,
नाकासमोर चालणाऱ्या मुलासारखा
बरोब्बर मधोमध पडला.
तिथं एक उंचवटा होता,
पालथ्या परातीएवढा.
दोघांचं आपसांत काय बोलणं झालं कुणास ठाऊक,
चेंडू डावीकडे वळला
आणि निमूट बंकरमध्ये उतरला.

हा अन्याय आहे, पाहुणा म्हणाला.
आहे, फार्कर म्हणाला.
बापाच्या वेळी कमिटीनं ठराव केला होता,
उंचवटा सपाट करायचा. फावडी आली.
नेमकी त्याच आठवड्यात
बापाची कंबर धरली.
ती सुटेपर्यंत कमिटी बदलली होती.

पुढं एफी सिंक्लेअर खेळत होती, एकटी.
वय एक्याऐंशी.
हेरिंग साफ करून करून वाकडी झालेली बोटं,
पिशवीत चारच काठ्या,
त्यातली एक बुडालेल्या भावाची.
ग्रीनपासून साठ पावलांवर
तिनं पटर काढला.
पाहुणा हसला, म्हणजे हसणार होता.
चेंडू झेंड्याकडे गेलाच नाही.
भलतीकडेच निघाला, उजवीकडे,
वाटेत कुणा चुलत्याला भेटून जावं तसा.
चढावर दमला,
थांबलाच, असं वाटलं,
मग वळला. अजून थोडा वळला.
झेंड्यापासून हातभर.

एफीनं मागं पाहिलंही नाही.
वही उघडली, मिटली.

दुपारी वारा फिरला.
सकाळी दोन फटक्यांत हाती आलेला होल
आता चारातही ओळख देईना.
तिसऱ्याचं जुनं ग्रीन दाखवायला फार्कर
कड्याच्या टोकापर्यंत गेला आणि खाली बोट केलं.
खाली फक्त पाणी होतं, आणि एक सील.
मागच्या फेब्रुवारीत बारा पावलं गेली एका रात्रीत.
मग हे नवं कुणी आखलं?
आखलं नाही. शोधलं.
गॉर्सच्या मागं होतंच ते,
पिवळ्या फुलांत, खोबऱ्याच्या वासात.
झेंडा तेवढा रोवला.

सातव्यावर समोर नुसतं टेकाड आणि आकाश.
पलीकडचं काही दिसत नाही.
एक पांढरा दगड आहे, त्याच्यावर भरवसा ठेवून मारायचं
आणि पलीकडे उतरलं की घंटा वाजवायची,
मागच्यांना कळावं, वाट मोकळी आहे.
घंटा एका मोडक्या बोटीची. दोर दर हिवाळ्यात कुजतो.

पाहुण्यानं डोळे मिटून मारल्यासारखं मारलं
आणि पहिल्यांदाच तो
चेंडूच्या मागं धावत गेला.

एफी खाली घंटेपाशी उभी होती.
दोन्ही हातांनी दोर ओढत होती.
आमच्या मागं कुणीच नाहीये, पाहुणा म्हणाला.

असेल की, ती म्हणाली,
आणि पुन्हा ओढला.