टिपका

मुजावरबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
फिल्म हातात घे आणि डोळे मीट.
बोट फिरव. कोपऱ्यात फोड लागंल,
मोहरीएवढी. लागली?
हा टिपका कायम चावायच्या बाजूला.
मुळाकडं गेला की मूळच झाकतोय.
आणि बघताना फुगीर अंग आपल्याकडं.
उलटं धरलंस
तर उजवी दाढ डावी होती,
अन् डॉक्टरांच्या हातात पक्कड असती, पोरी.

लक्ष्मीपुरीतला दवाखाना. खाली धान्याचे अडते,
जिना अरुंद, एक्सरेची खोली त्याहून अरुंद.
मी वहीत लिहीत गेले:
पोकळ ते काळं, भरीव ते पांढरं.
सहा फूट लांब, भिंतीआड.
पेशंटच्या तोंडात फिल्म आपण धरायची नाही. कधीच नाही.
कोन कमी पडला तर दात लांबतो,
जास्त झाला तर आखूडतो.
हे काही केल्या डोक्यात शिरेना.
बाई म्हणाल्या, भर दुपारी बिंदू चौकात उभी राहा,
सावली पायातच घुटमळती का न्हाई?
शिरलं.

उद्यमनगरातून सर्जेराव लोहार आले,
फाउंड्रीत तीस वर्षं मोल्डर, गाल टरारलेला.
फिल्म जिभेमागं जाताच उमासे.
नाकानं श्वास घ्या मामा,
डाव्या पायाचा अंगठा उचला, त्याच्याकडंच बघा.
अंगठा वर गेला.
मी भिंतीआड पळाले. बटण. टिक.
अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली
डेव्हलपर, पाणी, फिक्सर, पुन्हा पाणी.
ओली फिल्म उजेडासमोर धरली
तर मामा खुर्चीतून वाकून:
"आयला, ब्लोहोल हाय की!
वरनं कास्टिंग बघा कसं, चकचकीत.
असला माल आम्ही परत भट्टीत टाकतोय."
डॉक्टर हसले.
माझ्या तीन आठवड्यांच्या वहीत
इतकं नेमकं काही नव्हतं.

मग शुक्रवारी वडणग्याहून शीतल चौगले.
सोबत सासू, पिशवी, पाण्याची बाटली.
मी पाठ केल्यासारखं सासूसमोरच विचारलं,
दिवस गेलेत का?
"न्हाई," सासू म्हणाली.
सून नखं बघत राहिली.
मुजावरबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं
की मी अख्खीच उलटी लागले होते, टिपक्यासकट.

"मावशी, तुम्ही बाहेर बाकावर बसा.
किरणं असत्यात, आत कुणी थांबायचं नसतं.
नियम हाय."
दार लोटलं. मशीन बंदच होतं.
बाईंनी शिशाचा एप्रन तिच्या अंगावर घातला,
खांद्यापासून मांड्यांपर्यंत, जड,
आणि त्या वजनाखाली ती बोलायला लागली.
दोन महिने.
अजून कुणाला नाही सांगितलं.
मागच्या खेपेला सांगितलं, आणि
तिथंच थांबली.
बाईंनी पुढचं विचारलं नाही.
मी भिंतीकडं पाहत होते,
सहा फुटांची खूण केलेल्या.

बाई आत जाऊन डॉक्टरांशी कुजबुजल्या.
डॉक्टर बाकाकडं येऊन म्हणाले, घाई नाही,
आधी सूज उतरू दे, फोटो मग बघू.
गोळ्याही विचार करून लिहिल्या, एक खोडून दुसरी.
सासू पुटपुटली, मग एवढा वेळ आत काय चाललं होतं?
"मशीन गरम व्हायला लागतं," बाई म्हणाल्या.
डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही त्यांची.

संध्याकाळी मी एप्रनची घडी घालायला घेतली,
साडीची घालतात तशी.
"घडी नगं गं. शिसं आतल्या आत चिरतंय.
वरनं कापड हाय तसंच दिसतंय."
दोघींनी मिळून टांगला.

खाली शटरं ओढल्याचा आवाज,
ज्वारीची धूळ जिन्याच्या दिव्याभोवती.
वही काढून लिहिलं:
विचारायचंच. पण आधी खोली रिकामी करायची.
आणि त्याखाली पेन इतकं दाबून टेकवलं
की पान उलटून बोट फिरवलं तेव्हा
मोहरीएवढी फोड लागली.