दोन दशांश आठ

सीतलामाता बाजारात डझनभर फुगे घेतले,
सगळ्यांत मोठे, जाड रबराचे.
"किसका बड्डे है, मॅडम?"
"हॉल का," म्हटलं.
तो हसला नाही. सुट्टे मोजत राहिला.

रामबागेतलं आमचं सभागृह:
गुळगुळीत फरशी, तेलरंगाच्या भिंती,
काचेआड पाच देणगीदार.
वक्ता "सज्जनहो" म्हणतो
आणि दुसरं वाक्य पहिल्याच्या पायात अडकून पडतं.
मागच्या रांगेतल्या खासनीसबाई
वीस वर्षं शेजारणीकडे बघून टाळ्या वाजवतात.

सर्टिफिकेटचा तिसरा पेपर, गृहपाठ चौथा:
आवाज साठ डेसिबलने विझायला
खोली किती वेळ घेते, मोजा.
ऑफिसात विचारतात, ध्वनिशास्त्र? आता? सेहेचाळिसाव्या वर्षी?
मुलगा विचारतो, पगार किती वाढेल?
रात्री साडेदहाला वर्ग,
लॅपटॉपखाली पोळपाट,
आणि लॉगॅरिदम,
जे मला अकरावीतही आवडले नव्हते.

चौकीदार मालवीयांनी कुलूप काढलं.
कान झाका म्हटलं, तर त्यांनी डोळे मिटले.
टाचणी.
फुगा गेला. आवाज गेला नाही.
छताला लागून आला,
देणगीदारांना एकेक करून भेटला,
व्यासपीठाखाली शिरला,
बाल्कनीत क्षणभर बसूनही पाहिलं त्यानं.
दोन दशांश आठ सेकंद.
भाषणाला एक पुरतो.

मग तक्ता उघडला, कोण किती आवाज पितं त्याचा.
संगमरवर: शून्य दशांश शून्य एक.
जाड पडदा: निम्मा.
आणि त्याच तक्त्यात, गालिच्याच्या खाली,
रिकाम्या खुर्चीच्या वर:
माणूस, बसलेला.
वय, हुद्दा, वर्गणी भरली का,
काही विचारलेलं नाही.

हिशेब मांडला.
पडदे, फळ्या, छताला जूट: चार लाख.
किंवा दोनशे माणसं.
समितीकडे चार लाख नाहीत.
दुसऱ्या उपायाबद्दल मी समितीला विचारलंच नाही.

"बसा ना जरा," मालवीयांना म्हटलं, "मधल्या रांगेत."
ते टोपी काढून बसले, फोटोसाठी बसतात तसे.
दुसरा फुगा.
यंत्राच्या मते फरक शून्य.
त्यांच्या मते, "अब के कम गूंजा, बेनजी."

वहीत दोन्ही लिहिलं.
दुसऱ्याचे गुण कापले जातील.

उरलेले दहा फुगे
त्यांनी नातीसाठी मागून घेतले.