तीन घंटी

परवा मी आमचंच भडंग मागवलं,
आमच्याच पत्त्यावर, सांगलीत, गावभागात,
पैसे भरून.

अकरा दिवसांनी आलं. भिवंडीच्या गोदामातून.
म्हणजे इथून गेलं, तिथं पडून राहिलं, परत आलं.
पोऱ्याने एकदाच बेल दाबली.
पाकिटावर सायकलची लाल घंटी,
खाली अप्पांच्या अक्षरातलं 'तीन घंटी भडंग'.
विकणारा: व्हॅल्यू मेळा ४७.
आमच्यापेक्षा बावीस रुपये स्वस्त.

अप्पांनी कात्री मागितली. दाताने ते कधीच फोडत नाहीत.
तळहातावर चिमूटभर घेतलं, आधी वास,
मग एकच शेंगदाणा.
बराच वेळ चघळला.
"आपलंच हाय," म्हणाले. "मेलंय, पण आपलंच हाय."

नागपूरच्या कुणा बाईंनी एक तारा दिलाय.
लिहिलंय, सांगलीचं नाव बघून घेतलं,
आमच्या कुत्र्यानेही तोंड फिरवलं.
अप्पांनी मला ते तीनदा वाचायला लावलं.
तिसऱ्यांदा विचारलं, "बाईंचा नंबर मिळंल का?
ताजं पाठवू की एक पाकीट."
नाही मिळत, अप्पा.
तिथे गिऱ्हाईक कंपनीचं असतं.
आपल्या वाट्याला फक्त शिव्या येतात.

रात्री तक्रारीचा अर्ज उघडला.
माल बनावट आहे का? हो. नाही.
पाकीट आमचं, चुरमुरे आमचे, लसूण आमचा,
तारीखही आमचीच होती, ती खरवडून
वर दुसरी चिकटवलेली.
'आमचं आहे, पण आमच्याकडून नाही'
असा तिसरा गोल तिथे नव्हता.

हे नाव पहिल्यांदा कधी वापरलं?
अप्पा म्हणाले, "शनिवार हुता."
साल?
"बाजार भरला हुता. मी तीनदा घंटी वाजवली.
दोनदा बर्फवाला वाजवायचा, म्हणून तीनदा."
पुरावा जोडा.
पहिलं पावतीपुस्तक एकोणीसच्या पुरात गेलं.
पानं सुटी करताना शाई बोटांना आली,
एका पानावर गाळाची रेघ राहिली
आणि रेघेच्या वर 'भडंग २ कि.' एवढंच.
त्याचाच फोटो जोडला. सरळ येईना,
दोन वाट्या ठेवून कोपरे दाबले.

बॅच नंबर वहीत सापडला.
जत. काडाप्पा बिराजदार. चाळीस पेट्या.
अप्पा पहाटेच्या एसटीने गेले, दिवेलागणीला परतले.
चपला काढता काढता सांगितलं,
"दुकानाला कुलूप. येताना मिरजेला उतरलो.
बायको दवाखान्यात हाय त्याची, दोन म्हैनं झालं.
पेट्या रोखीनं दिल्या म्हणं कुणाला तरी.
नाव त्यालाबी ठावं न्हाई. टेम्पो पांढरा हुता."
मी म्हटलं, करारात स्पष्ट लिहिलंय,
बाहेर कुणाला विकायचं नाही.
"लिवलंय की," अप्पा म्हणाले,
आणि चहा मागितला.

सहाव्या दिवशी ते पान हटलं.
सातव्या दिवशी व्हॅल्यू मेळा ४८ उगवला.

आता प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर
मी एजंटाचा नंबर मारते, जांभळ्या शिक्क्याने,
शिवणीला चिकटून, खरवडलं तर पाकीटच फाटेल असा.
आष्टा नऊ, तासगाव बारा, पलूस चौदा.
अंगठा दिवसभर जांभळा राहतो,
भाजीवालीने विचारलं, कुठं मतदान हाय गं?

जतचा रकाना मी कोरा सोडला होता.
अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, वही डोळ्यांजवळ धरली.
"ह्याला बी नंबर दे," म्हणाले.
"सतरा दे."
मी शिक्क्याचे आकडे फिरवायला घेतले
तेव्हा दारातून वळून म्हणाले,
"आन पेट्या चार लिव. चाळीस नको."