लागला

रविवारी पत्रा तापायच्या आत
नायना टेम्पोत चढायचे
आणि मला मागं उभं करायचे.
"लागला का गं?"
"लागला."
"दोन्ही?"
मी मुद्दाम जरा वेळ लावायचे.
डावा बंद म्हटलं की उतरायचे,
टेस्टर कानावर, बिडीसारखा खोचलेला.

अठरा वर्षं पॉवरलूमवर काढलेला माणूस.
म्हणायचे, हजार धाग्यांत
तुटलेला धागा दिसत नसतो,
दिसते ती त्याची जागा.
चूडू. बघत जा.

अक्कलकोट रोडनं टॉवेलच्या गाठी घेऊन
चाळीसच्या वर कधी गेले नाहीत.
पुढच्या गाडीचं नाही,
तिच्याही पुढच्या गाडीचं तांबडं बघायचे,
आणि पाय दोनदा हलके टेकवायचे ब्रेकवर:
आधी सांगावं, मग थांबावं.
घरात मात्र नुसते थांबायचे.
सांगायचे नाहीत. आईला विचारा.

परवा, आसरा पुलाच्या अलीकडं,
माझ्या स्कूटरपुढं उसाची ट्रॉली.
मागं ना तांबडं, ना पिवळं,
नुसता ऊस, आणि उसाइतकाच उंच अंधार.
मी मोबाइलकडं बघितलं होतं,
खोटं कशाला बोलू,
कुणाचा फोन आहे एवढंच.
मान वर केली
तर पाचट हेल्मेटच्या काचेवर.

दोन्ही ब्रेक. दोन्ही पाय.
एक चप्पल मागं कुठंतरी राहिली.

ट्रॉली निघून गेली, तिला काही कळलंच नाही.
मी शिव्या जुळवत उभी,
तेवढ्यात मागचा मोटारसायकलवाला
चप्पल घेऊन आला, म्हणाला,
"ताई, तुमचाच लाइट लागत नाही."

"मग तुम्ही थांबलात कसे?"

"तुमची ओढणी उडत होती.
ती एकदम खाली बसली."

कुमठा नाक्यावर सैफननं बल्ब काढला,
कानाशी नेऊन हलवला. किणकिण.
"आतला धागा गेलाय," म्हणाला.
किती दिवस झाले असतील?
कोण जाणे. आपली पाठ आपल्याला कुठं दिसते.
किती जण माझ्या मागून
ओढणी बघत घरी पोचले असतील.

आज रविवार.
नायनांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला आलाय,
तरी बनियनवरच बाहेर आले,
स्कूटरच्या मागं उभे राहिले.
मी ब्रेक दाबला.
"लागला का?"

उत्तर नाही.
आरशात बघितलं:
वाकून त्यांनी तळहात
दिव्याजवळ धरला होता,
आणि तो जवळ नेत, लांब नेत
त्यावरचं तांबडं शोधत होते.

"नायना, लागला का?"

जरा वेळ लावला. मुद्दाम असेल.
"लागला," म्हणाले.
मग, सवयीनं,
"दोन्ही?"
आणि स्वतःशीच हसले.