तिवडा

शेवटचा हात दिला काल रात्री साडेअकराला.
डोपचा वास पडद्यात आहे, उशीत आहे,
कौसल्या म्हणते, वरणातसुद्धा आहे.
शाळेच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं बाटल्या पुसल्या,
तिथले वास नाकाच्या ओळखीचे.
हा पाहुण्यासारखा उतरलाय, जायचं नाव घेत नाही.

लाकूड पांगाऱ्याचं. बाल्सा पुण्यात मिळतं म्हणे.
सेलूत पांगारा मिळतो, तोही
लाइनमनने तारांखालचा तोडून ओढ्यात ढकललेला.
दोन वर्षं माळ्यावर वाळवला,
मग किसून किसून बरगड्या,
पोस्टकार्डापेक्षा थोड्या जाड.
लागल्या सतरा, केल्या अठरा,
जास्तीची एक देवघरात, वात सारायला.

वर पतंगाचा कागद, संक्रांत सरल्यावर अर्ध्या किमतीत.
जांभळाच उरला होता.
म्हणून जांभळं.

इंजिन वहीद घड्याळजींचं.
"अडीच सीसी आहे गुणाजी,
पण स्टेशनपर्यंत ऐकू जाईल," म्हणाले,
आणि ऐकायला थांबले नाहीत.
पिस्टनला त्यांच्या हातचं एरंडेल चिकटलेलं, वाळून मधासारखं.
मी पुसलं नाही.
उद्या पहिलं तेच जळू दे.

दोन बोटांवर पंख तोलून धरले तर शेपूट जड.
नाकात दोन वायसर कोंबले, दिवाणाच्या पायाचे.
(दिवाण तेव्हापासून डुगडुगतो. ते नंतर बघू.)

संध्याकाळी गल्लीत तारा पसरल्या, बावन्न फूट,
आमच्या उंबऱ्यापासून हापशाच्या पार पलीकडे.
तिकडे निखत, नववी ब, विमान छातीशी धरून,
इकडे मी, मूठ हातात.
मधून एक मोटारसायकल गेली नाही, एवढं नशीब.
मनगट वर केलं.
"खाली गेली काका, शेपटीची पट्टी."
पुन्हा केलं.
"खालीच."

म्हणजे उद्या मी वर म्हणालो असतो
आणि ते जमिनीत घुसलं असतं,
अगदी आज्ञाधारकपणे.

घसा कोरडा. आतली घोडी उलटी बसली असेल
तर पंख फाडावा लागणार, जांभळा, तुकतुकीत,
सात हात दिलेला.
निखत तारेवर बोट ठेवून चालत आली
हापशापासून माझ्यापर्यंत, न बोलता,
आणि माझ्या मुठीशी थांबली.
"इथं अदलाबदल झालीय."
दोन आकड्या. वरची खाली, खालची वर.
महिन्याभराच्या भीतीला अर्धा मिनिट लागला.

आमच्या खळ्यावर मळणीला बैल फिरायचे.
मी त्यांच्या मागे पळायचो, पायाखाली ज्वारीचा चुरा.
मधल्या तिवड्याकडे कधी पाहिलं नाही.
खांबाकडे कोण पाहतं?
उद्या बंद जिनिंगच्या पटांगणात
तो मीच.
फरक एवढाच, खांबाला चक्कर येत नाही.
म्हणून आठ दिवस अंगणात गरगर फिरतोय,
नजर स्वतःच्या अंगठ्यावर.
पहिल्या दिवशी कौसल्या हसली,
दुसऱ्या दिवशी तिने तुळशीची कुंडी बाजूला सरकवली.
काल चौदा फेऱ्या झाल्या. पंधराव्याला
तिचाच दंड धरला.

आता सगळं पिशवीत: ईथर (केमिस्टचं, पावती आहे, शाळेचं नाही),
रॉकेल, पान्हा, दुसरा पंखा मोज्यात गुंडाळून.
पहाटे वारा पडलेला असतो.
निखतने विचारलं, नाव काय लिहायचं?
म्हटलं, आधी उडू दे. नाव ठेवायला गाव आहे.

विमान खाटेवर, आम्ही खाली.
अंधारातही जांभळं दिसतंय, की मला वाटतंय.
"मोडलं तर?" कौसल्या.
"पांगारा आहे अजून माळ्यावर."
ती काही बोलली नाही.
थोड्या वेळाने उठून खिडकी लावली,
मांजर येतं म्हणाली,
आणि तो वास रात्रभर
आमच्यासोबत कोंडून राहिला.